कृतज्ञतेचा धडा

दुसऱ्याचे दुःख दृष्टीस पडले की आपल्या तोंडून सहज उद्गार निघतो, "देवाने आपल्याला पुष्कळ सुखात ठेवले आहे!" भावना चांगली आहे, परंतु ती तेवढ्यावरच थांबली तर पुरी झाली काय? या प्रश्नाने आम्हांस एकदा भर वर्गात निरुत्तर केले, ती हकीकत येथे सांगतो.

गोष्ट सुमारे वीस वर्षांपूर्वीची. सातवीच्या वर्गात संतोषाविषयी बोलणे चालले होते. फारसी कवी शेख सादी यांच्या 'गुलिस्ताँ' या १२५८ सालच्या ग्रंथातील एक प्रसंग आम्ही सांगितला. पायांत जोडा नाही म्हणून कष्टी झालेले सादी कूफ्याच्या मशिदीत गेले. तेथे त्यांना पायच नसलेला मनुष्य दिसला. त्यांनी ईश्वराचे आभार मानले आणि आपले अनवाणीपण सोसले. गोष्ट मुलांस आवडली. पण सर्वांच्या नजरा मागच्या बाकाकडे वळल्या. तेथे पोलिओने एक पाय अधू झालेला मुलगा बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "सर, ज्याला पाय नव्हते त्याने कोणाकडे पाहून आभार मानायचे?"

चूक मुलांची नव्हती, आमची होती. वर्ग माडीवर भरत असे. कठड्याला धरून तो मुलगा रोज जिना चढे, हे आम्ही पाहत होतो आणि मनात देवाचे आभार मानीत होतो. वर्ग खाली आणावा, हे मात्र सुचले नव्हते! दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांस विनंती केली आणि वर्ग खाली आला.

दुःखी मनुष्य हा आपल्या समाधानासाठी टांगलेला आरसा नव्हे. आमच्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत की, शुक्र तीन प्रकारचा असतो: अंतःकरणाचा, जिभेचा आणि हातापायांचा. पहिले दोन घरबसल्या होतात. तिसऱ्यासाठी उठावे लागते.

याचा मोठा दाखला पोलिओच्याच बाबतीत देशाने पाहिला. २००९ साली भारतात या रोगाचे ७४१ रुग्ण आढळले होते. १९९५ पासून चाललेल्या पल्स पोलिओ मोहिमेत हजारो सेविका आणि स्वयंसेवक घरोघर, स्टेशनांवर, वीटभट्ट्यांवर गेले आणि परक्यांच्या मुलांना दोन थेंब पाजून आले. आपली मुले धडधाकट आहेत एवढ्यावर समाधान मानून ते घरी बसले नाहीत. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही असे देऊ: आभार मानताना दुसऱ्याच्या उणिवेकडे पाहू नये, आपल्याजवळ जे आहे त्याकडे पाहावे, आणि दुसऱ्याकडे पाहावे ते त्याला काय हवे, हे विचारण्यासाठी.

ज्या संस्थेचा हा उत्सव आहे, तीही अशाच हातापायांच्या कृतज्ञतेवर उभी आहे. वाचकहो, "देवाने मला सुखात ठेवले" हे वाक्य पुन्हा ओठांवर येईल, तेव्हा त्याला दुसरे वाक्य जोडावे: "मग माझ्याकडून याच्यासाठी काय होईल?"