चित्राची शोभा आणि खेळाची गोडी

संगणकावरील खेळाची चित्रे जितकी हुबेहूब तितका तो खेळ सरस, असा सर्वसाधारण समज आहे. उलटपक्षी, चित्रांत काय आहे, खेळ रंगला म्हणजे झाले, असे म्हणणारेही पुष्कळ आढळतात. इ. स. १९८० नंतर इंग्लंडमध्ये घरोघरी जे छोटे संगणक आले, त्यांच्यासाठी खेळ रचणाऱ्यांना हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नव्हता. चित्र आणि खेळ ही दोन्ही एकाच तोकड्या स्मृतीवर व एकाच प्रोसेसरवर पोसली जात. एकाला वाढले की दुसऱ्याच्या पानातले कमी होई.

सिंक्लेअर कंपनीचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ १९८२ साली बाजारात आला. त्याच्या मोठ्या प्रकारात ४८ किलोबाइट, म्हणजे ४९,१५२ बाइट इतकी लिहिता-पुसता येणारी स्मृती होती. घरातील दूरचित्रवाणी संच हाच त्याचा पडदा. त्यावर आडवे २५६ व उभे १९२ बिंदू उमटत. यांचा गुणाकार करून पाहिला तर मौज दिसते : बिंदूंची संख्याही नेमकी ४९,१५२ भरते. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी एकेक बाइट राखला असता, तर सारी स्मृती चित्रातच संपून खेळासाठी काहीच उरले नसते.

म्हणून काटकसर करण्यात आली. बिंदू उजळलेला आहे की नाही एवढेच नोंदवावयाचे, असे ठरल्यावर आठ बिंदूंची नोंद एका बाइटात मावली व ६,१४४ बाइट पुरले. रंगासाठी पडद्याचे ७६८ चौकोन पाडून प्रत्येकास एक बाइट दिला. अशा रीतीने संपूर्ण चित्र ६,९१२ बाइटांत बसले. परंतु आठ बिंदू लांब व आठ बिंदू उंच अशा एका चौकोनात दोनच रंग राहू शकत. त्यामुळे तांबडा मनुष्य हिरव्या झाडापुढून गेला, की झाडाचा तुकडा तांबडा होई, नाहीतर मनुष्यच हिरवा होई.

वेळही तितकाच मोजका होता. तेथील दूरचित्रवाणीवर सेकंदास ५० वेळा चित्र उमटे. स्पेक्ट्रमच्या घड्याळाचे सेकंदास सुमारे ३५ लक्ष ठोके पडत. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे ७०,००० ठोके येत. स्मृतीतील एक बाइट दुसरीकडे नेण्याच्या नेहमीच्या आज्ञेस २१ ठोके लागत. रंग सोडून नुसते बिंदूच नव्याने मांडावयाचे म्हटले तरी १,२९,००० ठोके हवेत! शत्रूंची चाल, टकरीची तपासणी आणि कळ दाबली गेली की नाही हे पाहणे, ही कामे त्यानंतरची.

या अडचणीतून निरनिराळ्या वाटा निघाल्या. मॅथ्यू स्मिथ याच्या ‘मॅनिक मायनर’ (१९८३) या खेळात २० गुहा आहेत. चित्रे बाळबोध, कळा तीनच, डावीकडे, उजवीकडे आणि उडी. पण उडी एकदा घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही, आणि फार उंचावरून पडल्यास प्राण जातो. एवढ्या दोन नियमांमुळे प्रत्येक पाऊल आधी विचार करून टाकावे लागते.

‘नाइट लोअर’ (१९८४) या खेळाने याच्या उलट केले. त्यातील खोल्यांना लांबी, रुंदी व उंची अशी तिन्ही परिमाणे असल्याचा भास होतो. रंगांची सरमिसळ टाळण्यासाठी प्रत्येक खोली जवळजवळ एकाच रंगात रेखाटली आहे. मात्र खोलीत हलणाऱ्या वस्तू वाढल्या की सगळाच खेळ मंदावतो. तरीही त्या चित्रांस निव्वळ शोभा म्हणणे अन्यायाचे होईल. मेजावर चढणे किंवा ठोकळा सरकवून त्यावर उभे राहणे हा खेळच त्या चित्रामुळे शक्य झाला.

सर्वांत विलक्षण तोड ‘एलिट’ (१९८४) या अंतराळ-व्यापाराच्या खेळात दिसते. डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी तो ३२ किलोबाइट स्मृतीच्या ‘बीबीसी मायक्रो’साठी रचला. (त्याच वर्षी भारतीय शाळांसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-प्रकल्पातही हेच यंत्र होते.) ‘एलिट’मधील याने केवळ रेषांची आहेत. १०० बिंदू बाजूचा चौरस रंगवून भरावयाचा तर १०,००० बिंदू मांडावे लागतात. त्याच्या चार कडांस सुमारे ४०० पुरतात. ८ दीर्घिकांतील २,०४८ ग्रहांची नावे व बाजारभावही साठविलेले नाहीत. लहानशा बीजसंख्यांपासून ते हवे तेव्हा गणिताने काढले जातात. अशा बचतीतून व्यापार, चकमकी आणि फिरत्या स्थानकात यान शिरवण्याची जिवावरची कसरत यांना जागा मिळाली.

याच खेळात पडद्याच्या तळाशी एक लंबवर्तुळ आहे. भोवतालचे प्रत्येक यान त्यावर ठिपक्यासारखे दिसते आणि ते आपल्या पातळीच्या किती वर वा खाली आहे, हे त्याला जोडलेली उभी रेघ दाखविते. ‘एलिट’मधील उत्तम चित्र कोणते असेल तर हेच. पुढे वेगवान संगणकांवर यानांचे पृष्ठभाग भरीव झाले, रंग आले. पण २०१४ च्या ‘एलिट डेंजरस’ या वारस खेळातही ते लंबवर्तुळ व त्या उभ्या रेघा कायम आहेत.