साठ किलोमीटरांचा फरक

दोन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, चिपळूणमधल्या एका पिठाच्या गिरणीबाहेर आम्ही चार तास बसून काढले. ७६ वर्षांच्या सासूबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत पदराने वारा घेत होत्या. त्यांना मधुमेह आहे, जेवणाची वेळ चुकून चालत नाही. गाडी भिंतीला खेटून उभी होती आणि तिची वायर खिडकीतून गिरणीत गेली होती. हीच गाडी निवडायला आम्ही चार महिने घालवले होते. सध्या पहिली इलेक्ट्रिक गाडी घेताना दोन मॉडेलांमध्ये अडकलेली माणसं घरोघरी दिसतात. त्यांच्यावर अशी दुपार येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्यापुढे दोन गाड्या होत्या. किमतीत फार अंतर नव्हतं, बॅटरी दोन्हींची ४० युनिटांच्या (किलोवॉट-तासांच्या) आसपास. मुलाने तक्ता केला: पडद्याचा आकार, सनरूफ, एअरबॅग, डिकी. सगळं उन्नीस-बीस. शेवटी एका आकड्यावर निर्णय झाला. कंपन्यांनी छापलेल्या रेंजप्रमाणे एक गाडी एका चार्जिंगमध्ये दुसरीपेक्षा ६० किलोमीटर जास्त जात होती. आम्ही ती घेतली.

तो आकडा कुठून येतो, हे मी नंतर समजून घेतलं. आपल्याकडे गाडीची चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर होते. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत अशा चाचण्या चालतात. ठरलेल्या चक्रात गाडीचा वेग कमी-जास्त करतात, तो ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. एसी बंद असतो. समोरून वारा नाही, घाट नाही, मागे तीन माणसं आणि आंब्याच्या पेट्या नाहीत. त्यामुळे दोन गाड्या एकाच मापाने मोजल्या जातात हे खरं, पण ते माप आपल्या रस्त्याचं नसतं. आमच्या गाडीने महामार्गावर, एसी लावून, छापील आकड्याच्या साधारण दोन तृतीयांश अंतर दिलं. दुसऱ्या गाडीचंही असंच होतं, हे ती वापरणाऱ्या शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं.

एक जुनं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. जानेवारी २०२० मध्ये टाटा नेक्सॉन ईव्ही आणि एमजी झेडएस ईव्ही या दोन गाड्या एकाच महिन्यात बाजारात आल्या. नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची, जाहीर रेंज ३१२ किलोमीटर. झेडएसची बॅटरी ४४.५ युनिटांची, जाहीर रेंज ३४० किलोमीटर. म्हणजे बॅटरी जवळजवळ दीडपट, पण छापील रेंजमधला फरक फक्त २८ किलोमीटरचा. केवळ रेंज पाहणाऱ्याला या दोन गाड्यांमधला केवढा तरी फरक दिसलाच नसता.

आता त्या दुपारकडे येते. आमचं गाव चिपळूणपासून वीस किलोमीटर आत आहे. पुण्याहून आम्ही सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर असं कुंभार्ली घाटाने उतरतो. जाताना महामार्गावर गाडी चार्ज केली, घाटात उताराला ब्रेकमधून थोडी वीज परत मिळाली, गावात पोचलो तेव्हा निम्मी बॅटरी शिल्लक होती. रात्री घरी लावू, असा सरळ हिशेब. सोबतचा चार्जर पडवीतल्या १५ अँपियरच्या सॉकेटला लावला, तर लाल दिवा लागला. घराला अर्थिंगच नव्हतं. पंखे, मिक्सर, टीव्ही वर्षानुवर्षं तसेच चालले होते. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग नसेल तर वीज घेतच नाही, आणि ते आपल्या जिवासाठीच आहे. संध्याकाळी व्होल्टेजही घसरत होतं. दोन दिवस नातेवाइकांकडे फिरण्यात गेले. निघताना ३० टक्के उरले होते. चिपळूणच्या फास्ट चार्जरवर भरून घेऊ म्हटलं. तो बंद होता.

तिथे उभ्या उभ्या मी पहिल्यांदा घाटाचा हिशेब मांडला. कुंभार्लीची चढण सुमारे ६०० मीटरची. माणसांसह पावणेदोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला तीन युनिटांहून जास्त वीज लागते. सपाटीवर तेवढ्या विजेत वीसेक किलोमीटर जाता येतं. पुढच्या चार्जिंगसाठी महामार्गावर उंब्रजला पोचायचं, तर ते नव्वदएक किलोमीटर आणि घाट धरून १६ युनिटं हवी होती. बॅटरीत नऊच होती.

ह्यांनी दोन-तीन दुकानांत विचारलं. शेवटी गिरणीवाले काका म्हणाले, “आणा गाडी इकडे. आमचं अर्थिंग पक्कं आहे, मीठ-कोळसा घालून केलेलं.” त्यांच्या पत्नीने सासूबाईंना आमटी-भात वाढला. चार तासांत गाडीने साधारण बारा युनिटं घेतली. काकांनी विजेचे पैसे मोठ्या मुश्किलीने घेतले. आम्ही घाट चढलो, पण अंधार पडल्यावर, एसी बंद ठेवून, आकड्यावर डोळे लावून.

वाटेत एकच गोष्ट मनात घोळत होती. आम्ही ती दुसरी गाडी घेतली असती, तरी त्याच गिरणीबाहेर बसलो असतो. दोन गाड्यांमधले फरक मोजताना, दोन्हींना सारख्याच लागू असणाऱ्या गोष्टी आम्ही कुणालाच विचारल्या नव्हत्या. म्हणून सांगते, शोरूममध्ये जाण्याआधी या गोष्टी बघा.

आधी आपला प्लग तपासा. गाडी जिथे रोज उभी राहणार आणि वर्षातून चारदा जिथे मुक्कामाला जाणार, त्या दोन्ही जागी वायरमनला नेऊन अर्थिंग, व्होल्टेज आणि वायरची जाडी पाहून घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल तर मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत केबल कशी जाईल, याबद्दल सोसायटीशी आधी बोला आणि परवानगी लेखी घ्या. महावितरणकडून गाडीसाठी वेगळा मीटरही घेता येतो. आम्ही गाडी आधी आणली, अर्ज नंतर केला. दोन महिने मॉलमध्ये जाऊन चार्ज करत होतो.

मग आपला सगळ्यात अवघड रस्ता कागदावर मांडा. छापील रेंजच्या दोन तृतीयांश धरा, त्यातून दर ६०० मीटर चढाला वीस किलोमीटर वजा करा, वर वीस टक्के हाताशी ठेवा. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा अवरोध दीडपटीहून जास्त होतो, हेही लक्षात असू द्या. वाटेत एकाच चार्जरवर विसंबू नका. निघायच्या दिवशी सकाळी तो चालू आहे का ते पाहा, आणि पुढचा कुठे आहे ते माहीत असू द्या. फास्ट चार्जरही ८० टक्क्यांनंतर मंदावतो, तेव्हा वेळेचा हिशेब तिथपर्यंतचाच करा.

इतकं झाल्यावर दोन गाड्या शेजारी ठेवा. खरे फरक तेव्हा दिसतात. पहिला, गाडीतल्या चार्जरचा. आमच्या गाडीत तो ३.३ किलोवॉटचा आहे, दुसरीत ७.२ चा मिळत होता. घरी वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) लावला तर ४० युनिटांची बॅटरी पूर्ण भरायला एकीला बारा-तेरा तास लागतात, दुसरीला साधारण सहा. तक्त्यात हा रकानाच नव्हता. दुसरा, बॅटरीचा प्रकार. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर ती अधूनमधून १०० टक्के भरावी लागते, नाहीतर उरलेल्या चार्जचा आकडा चुकू लागतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोजच्या वापराला ८० टक्क्यांवर थांबवणं चांगलं. तिसरा, सुटं चाक. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत ते नसतं, पंक्चरचं किट असतं. कोकणातल्या रस्त्यावर टायर कडेने फाटला तर किटचा उपयोग नाही. चौथा, वॉरंटी. किती वर्षं हे सगळे विचारतात. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की ती बदलून मिळेल, हे विचारा आणि कागदावर दाखवायला सांगा.

आणि पाचवा, मागची सीट. बॅटरी तळाशी असल्याने पायाखालची जागा उंचावते आणि गुडघे वर येतात. आमच्या गाडीत हे जास्तच आहे. चाचणीला आम्ही चार किलोमीटर फिरलो, पुढे बसून. सासूबाई मागे सहा तास बसल्या, तेव्हा त्यांच्या मांड्यांना आधारच नव्हता. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला मागे बसवून, एसी लावून, जवळच्या घाटावर चढल्याशिवाय होकार देऊ नका. शोरूमवाले नाही म्हणाले तर तीच गाडी एक दिवस भाड्याने घ्या.

गाडी आम्ही बदलली नाही, ती चांगली चालते. त्या मे महिन्यानंतर गावी वायरमन बोलावला. घरामागे खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला, पडवीपर्यंत जाड वायर ओढली. गेल्या मे महिन्यात रात्री गाडी लावली, तर हिरवा दिवा लागला आणि सकाळपर्यंत ती पूर्ण भरली. अर्थिंगची माती उन्हाळ्यात कोरडी पडू द्यायची नसते. सासूबाई गावी असल्या की सकाळी तुळशीला पाणी घालतात, आणि उरलेली कळशी मागच्या त्या खड्ड्यात ओततात.