डोळे झाकून या, वहिनी

"वहिनी, डोळे झाकून या," भावोजी फोनवर म्हणाले. तो २०२२ चा मार्च महिना. भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ, वीस वर्षं कर्नाटकात स्थायिक. त्यांच्या त्या वाक्याची किंमत आमच्या मुलीनं मोजली, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

पुण्यातून का निघालो, ते पुण्यात भाड्यानं राहणाऱ्यांना सांगायला नको. नवऱ्याला बंगळूरची नोकरी लागली होती. काम घरून, महिन्यातून दोनदा ऑफिस. बंगळूरची भाडी आणि रहदारी ऐकून होतो, म्हणून म्हैसूर ठरलं. २०१६ साली देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून पहिलं आलेलं, मोठ्या रस्त्यांचं, झाडांचं, राजवाड्याचं गाव. शिवाय सासूबाई सोलापूरला आणि म्हैसूरहून गोलगुंबज एक्सप्रेस थेट सोलापूरला जाते. मी वहीत दोन रकाने आखले, पुणे आणि म्हैसूर. भाडं, शाळेची फी, दूध, भाजी, कामवाल्या मावशी, सगळं मांडलं. एकट्या भाड्यात महिन्याला चौदा हजार वाचत होते. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात एकही आकडा चुकीचा नाही. जे मांडायला हवं होतं त्याचा रकानाच मी आखला नव्हता.

लेक तेव्हा आठवीत जाणार होती आणि मुलगा तिसरीत.

आधी मुलाचं सांगते. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं सगळ्या शाळांत कन्नड शिकवणं सक्तीचं झालं. २०१७-१८ पासून पहिलीपासून सुरुवात करून एकेक इयत्ता त्यात येत गेली. सीबीएसईच्या शाळाही सुटल्या नाहीत. या कायद्याबद्दल माझी काही तक्रार नाही. महाराष्ट्रात मराठी सक्तीची असावी असं मला वाटतं, मग तिथे कन्नड का नसावी? माझी तक्रार शाळेबद्दल आहे. प्रवेशाच्या दिवशी मी तीनदा विचारलं की तिसरीतल्या मुलाला एकही अक्षर येत नाही, कसं होईल? समन्वयक बाई हसून म्हणाल्या, "मुलं पटकन शिकतात हो, तीन महिन्यांत बोलायला लागेल." बोलायला तो दोन महिन्यांतच लागला. पण परीक्षा बोलण्याची नसते. वर्गातली बाकीची मुलं पहिलीपासून जोडाक्षरं गिरवत आली होती आणि हा कोरी पाटी घेऊन बसला. पहिल्या चाचणीत चाळीसपैकी चार गुण. मग त्याच बाईंनी मला बोलावून खासगी शिकवणी लावायला सांगितलं, आणि शिकवणी घेणार होत्या त्यांच्याच शाळेतल्या शिक्षिका. हे त्यांना प्रवेशाच्या दिवशी माहीत नव्हतं का?

त्याला शेवटी कन्नड शिकवलं शेजारच्या अज्जींनी. कन्नडमध्ये आजीला अज्जी म्हणतात. रोज संध्याकाळी दारातून "ऊटा आयता?" म्हणजे जेवलास का, असं विचारायच्या आणि त्याला ओट्यावर घेऊन बसायच्या. एक पैसा घेतला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आमची कहाणी ऐकून लोक लगेच "तिकडचे लोक असेच" म्हणायला लागतात. तिथल्या माणसांनी आमचं काही वाईट केलं नाही. जाणाऱ्यांनी एवढं करावं : मूल तिसरीच्या पुढे असेल, तर निघायच्या सहा महिने आधी त्या राज्याच्या लिपीची शिकवणी घरीच सुरू करा. शाळेच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. दुसरी भाषा कोणती, तिसरी कोणती, नव्यानं आलेल्या मुलाच्या परीक्षेचं काय, हे शाळेकडून लेखी घ्या. लिहून द्यायला का कू करणारी शाळा पुढे काय करणार, ते तिथेच समजतं.

आता लेकीचं.

एप्रिल २०२५. दहावीची परीक्षा झालेली, निकाल यायचा होता. तिला डॉक्टर व्हायचंय, सहावीपासून. नीटच्या तयारीसाठी क्लासची चौकशी करायला आम्ही दोघी सरस्वतीपुरम भागात गेलो होतो. टेबलापलीकडे एक तरुण मुलगी अर्ज भरून घेत होती. नाव, जन्मतारीख, बोर्ड. मग तिनं विचारलं, कर्नाटकात किती वर्षं शिक्षण? मी म्हटलं, आठवी, नववी, दहावी, तीन. तिचं पेन थांबलं. तिनं अकरावी-बारावी धरून हिशेब केला आणि म्हणाली, "पाच होतील मॅडम. सात लागतात."

कर्नाटकाच्या राज्य कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल, तर सर्वसाधारण नियम असा की पहिली ते बारावीमध्ये किमान सात वर्षं त्या राज्यात शिकलेली हवीत. काही अपवाद आहेत, आम्ही एकातही बसत नव्हतो. मी तरीही घाबरले नाही. मी तिला ठणकावून सांगितलं की आम्ही महाराष्ट्राचे आहोत, जन्म तिथला, अधिवासाचा दाखला तिथला, आम्ही तिकडून अर्ज भरू. ती बरं म्हणाली.

घरी येऊन महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका उघडली. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास तर हवाच, पण दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण असायला हव्यात. मी ती ओळ चार वेळा वाचली. लेक माझ्या खांद्यावरून वाचत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "आई, दहावी पुन्हा देता येते का गं? आजीकडे राहून, सोलापूरहून?"

मला अजून झोपेत ते वाक्य ऐकू येतं.

हिशेब बघा. तीच मुलगी सहावीत म्हैसूरला आणली असती, तर बारावीपर्यंत बरोबर सात वर्षं भरली असती. बारावीपर्यंत पुण्यातच ठेवली असती, तर महाराष्ट्राची दारं उघडी राहिली असती. आम्ही तिला बरोबर त्या मधल्या वर्षी उचललं. आता तिच्यासाठी उरल्या देशपातळीवरच्या १५ टक्के सरकारी जागा, त्यात सगळ्या देशाशी स्पर्धा. नाहीतर खासगी आणि अभिमत संस्था, जिथे अनेक ठिकाणी एका वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे जाते. महिन्याला चौदा हजार वाचवायला गेलो होतो आम्ही.

त्या रात्री मी भावोजींना फोन केला. भांडायला नव्हे, खरंच नाही. काही वाट निघते का ते विचारायला. ते शांतपणे म्हणाले, "अहो वहिनी, हे तुम्ही आधी विचारायला नको होतं का? आमच्या मुलांना असला काही प्रश्न आला नाही बुवा." त्यांची दोन्ही मुलं जन्मापासून तिथली, पहिलीपासून बारावीपर्यंत कर्नाटकात शिकलेली. त्यांना प्रश्न येणारच कसा? मला माहीत आहे की त्यांनी मुद्दाम लपवलं नाही. पण ज्या वाटेनं आपण स्वतः कधी चाललो नाही, त्या वाटेवर दुसऱ्याला डोळे झाकून बोलवायचं आणि तो पडला की तू बघितलं का नाहीस म्हणायचं, हे मला अजून पचलेलं नाही. दिवाळीला त्यांचा फोन येतो, मी नवऱ्याकडे देते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच. मुलं सहावीच्या पुढे असतील, तर घरभाड्याच्या आधी दोन पुस्तिका वाचा : जिथून निघताय त्या राज्याची आणि जिथे चाललाय त्या राज्याची. महाराष्ट्रासाठी राज्य सीईटी कक्ष, कर्नाटकासाठी कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, दोन्हीकडे पात्रतेचं प्रकरण वेगळं छापलेलं असतं. दर राज्याचं गणित वेगळं. तेलंगणात नववी ते बारावी ही चार वर्षं तिथे शिकलेली लागतात. इंजिनिअरिंगसाठी महाराष्ट्रात थोडी सवलत आहे. मूल बाहेर शिकलं तरी त्याचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास असेल तर एक वाट उरते. त्यामुळे निघण्याआधी अधिवासाचे दाखले सगळ्यांचे काढून ठेवा, नंतर लांबून ते काढताना फार हाल होतात. जातीच्या दाखल्याचंही लक्षात घ्या. महाराष्ट्राचा दाखला दुसऱ्या राज्याच्या राज्य कोट्यात चालत नाही. आणि हे सगळं नातेवाइकाला विचारू नका. त्या गावात तुमच्यासारखंच मधल्या इयत्तेत मूल घेऊन आलेलं कुटुंब शोधा, त्यांना विचारा.

नोकरीचं थोडक्यात. २०२४ मध्ये कंपनीनं आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायला सांगितलं. नवरा सकाळी चामुंडी एक्सप्रेस पकडायचा आणि रात्री परत यायचा. चार महिन्यांत त्याची पाठ गेली. मग बंगळुरात एक खोली घेतली, तिचे महिन्याला नऊ हजार. वाचणाऱ्या चौदातले नऊ तिथेच संपले. घरून कामाच्या भरवशावर गाव निवडायचं असेल, तर रोज ऑफिसला जावं लागलं तरी निभेल असंच गाव निवडा.

गाडीचंही ध्यानात ठेवा. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिथली नवी नोंदणी घ्यावी लागते. त्याआधी जुन्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, मग तिथला आजीवन कर एकरकमी, आणि पुण्यात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी पुन्हा पुण्याच्या फेऱ्या. नवी गाडी घेणार असाल आणि तुमची कंपनी चार किंवा अधिक राज्यांत असेल, तर २०२१ पासून राज्य बदललं तरी चालणाऱ्या बीएच क्रमांकाची सोय आहे, ती बघा. आम्हाला हे गाडी घेतल्यावर कळलं.

आणि घर. आमचं पहिलं घर रिंग रोडच्या बाहेर, एका नव्या लेआउटमध्ये होतं. घर सुंदर, समोर नारळ. लेआउट महापालिकेकडे सोपवलेलाच नव्हता, हे दलालानं सांगितलं नाही. म्हणजे नळाचं पाणी नाही, बोअरवेल. एप्रिल लागला की टँकर. पाणी इतकं जड की डाळ शिजायला दुप्पट वेळ. त्याच शहरात कुवेंपुनगर, सरस्वतीपुरम, जयलक्ष्मीपुरमसारख्या जुन्या भागांत नळाला पाणी होतं. भाडं चार हजारांनी जास्त, एवढंच. घर बघायला पावसाळ्यात जाऊ नका, एप्रिल-मेमध्ये जा. दलालाला सोडा, टँकरवाल्याला विचारा की या गल्लीत आठवड्याला किती फेऱ्या होतात. कामाच्या मावशींना विचारा, त्यांना प्रत्येक घराचं पाणी ठाऊक असतं. जमलं तर महिनाभर नुसतं राहून बघा. शेजार बघा, दवाखाना जवळ आहे का बघा.

तिथे दहा महिन्यांचं भाडं आगाऊ अनामत घेतात, हे आम्हाला आधी माहीत होतं. भाडं सतरा हजार, म्हणजे एक लाख सत्तर हजार दिले. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापतात, तेही करारात लिहिलेलं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मालकांनी त्यावर बोअरवेलची मोटर जळाल्याचे चोवीस हजार आणि न्हाणीघराच्या फरशीचे सतरा हजार कापले. मोटर आम्ही राहायला आलो तेव्हाच जुनी होती, महिन्यातून दोनदा बंद पडायची, आणि दर वेळी मिस्त्रीचे पैसे मी दिले होते. फरशीचा तडा पहिल्या दिवसापासूनचा. मी फोटो काढले नव्हते. मालक घरात फिरत होते, बोटानं एकेक जागा दाखवत होते आणि त्यांचा मुलगा मोबाइलवर बेरीज करत होता. तीन वर्षं त्यांच्या घरी दिवाळीचा फराळ पाठवला होता मी. राहायला जाताना एकेक भिंत, नळ, फरशी, मोटर, मीटर, सगळ्याचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकांना पाठवा. त्यांचं "मिळाला" एवढं उत्तर आलं की मगच सामान उतरवा.

लेक आता बारावीत आहे. पहाटे साडेचारला उठते. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर देशपातळीच्या कोट्याचे गेल्या वर्षीचे शेवटचे गुण लिहून लावलेत, तिनं स्वतःच्या हातानं. मुलगा कन्नडमध्ये वर्गात दुसरा आला. अज्जींना आम्ही नव्या घरातूनही भेटायला जातो, जुन्या घराच्या दारावरून. मालकांकडून एकेचाळीस हजार अजून यायचे आहेत; दर महिन्याच्या एक तारखेला मी त्यांना निरोप पाठवते, ते वाचतात आणि उत्तर देत नाहीत.