रंग नंतर, आधी इंजिन

मालवणच्या एका नाखव्याने आपली जुनी फायबरची होडी ९.९ हॉर्सपॉवरच्या आउटबोर्डसकट विकायला काढली, तीही मे अखेरीस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. लोक होड्या वर ओढून शाकारायच्या घाईत असताना नवी होडी कोण घेणार? जो येतो तो पडत्या भावाच्या आशेनेच.

नाखव्याने तयारी म्हणून काय केलं, तर सगळ्या होडीला झगझगीत निळा रंग फासला. त्यात काठावरचा नोंदणी क्रमांकही बुजला. गिऱ्हाईक आलं देवगडचं, मुरलेलं. त्याने खिशातून नाणं काढलं आणि इंजिन टांगतात त्या मागच्या फळीवर वाजवत गेला. टक्, टक्, टक्, आणि मध्येच आवाज बसका झाला. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी मुरून आतलं प्लायवूड कुजलं होतं. होडीत हा दोष एवढाच होता, पण ताज्या रंगामुळे बाकीच्या होडीवरचाही त्याचा विश्वास उडाला. भाव पडला तो पडलाच.

स्वस्तातल्या होडीवर रंगाचा खर्च बहुधा वाया जातो. बुडाची कालवं आणि शेवाळ खरवडून ती गोड्या पाण्याने धुतली तरी पुरे. फळी कुजली असेल तर आधीच सांगावं आणि तेवढी किंमत कमी लावावी.

पैसे घालायचेच तर इंजिनात. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघावं; दुधाळ दिसलं तर सील गेलं, पाणी आत शिरतंय. इंजिन चालू असताना मागून पाण्याची धार जोरात पडायला हवी. ती बारीक असेल तर पंपातलं रबरी चक्र झिजलेलं असू शकतं किंवा वाट मिठाने तुंबलेली. ही कामं फळी बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होतात. आणि गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवू नये. जाणता माणूस आधी हात लावून बघतो!

नोंदणी, मासेमारी परवाना, इंजिनाचं बिल आणि कर्ज फिटलं असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला एका पिशवीत तयार ठेवा. पैसे हातात आले तरी मत्स्यव्यवसाय खात्यात नाव बदलून घ्या. उद्या ती होडी बंदीच्या काळात पकडली गेली, तर पहिली विचारणा कागदावरच्या मालकाकडे होते.