आयनॅचरलिस्टवर पहिला मासा टाकताना

माशांचे फोटो काढायची हौस असेल तर आयनॅचरलिस्टवर या. २००८ पासून हौशी मंडळी तिथे एकमेकांना जीवजंतू ओळखून देतात.

नाव ठाऊक नसलं तर नुसतं 'मासा' लिहा, जाणकार पुढचं सांगतात. कोणी 'मरळ' म्हटलं, म्हणजे आपल्याकडचा तेलुगू कोर्रमीनू, की लगेच 'सहमत' दाबू नका. मोठ्या माणसापुढे मान डोलवायची आपली सवय इथे नडते. दोन मतं जुळली तरी नोंद पक्की होऊ शकते, अन् पुढे अभ्यासक ती वापरतात. आधी खूण विचारा, फोटोत पडताळा.

ठिकाण मासा पकडल्याचं द्या, बाजाराचं नाही. पैनगंगेतला आपला डोह मात्र जगाला कशाला दाखवायचा? ठिकाण अस्पष्ट ठेवायची सोय आहे. फोटो चढवतानाच ती निवडा.