वृद्धांचा छळ : चिकित्सक व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वणी खुर्द (तालुका जिवती) येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांसह सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये गडचिरोलीतील बारसेवाडा (तालुका एटापल्ली) येथे अशाच संशयापायी एक स्त्री व एक पुरुष जाळले गेले. वृद्धांचा छळ म्हटला की आपणांस पेन्शन आणि सातबारा आठवतो. आपल्या वनप्रदेशात मात्र त्याचा आरंभ कित्येकदा दुसऱ्याच कोणाच्या तरी आजारातून होतो, आणि तो आजारी प्रथम आपल्याकडेही येतो.

चरकसंहितेत आगंतु ज्वराच्या हेतूंमध्ये अभिघात, अभिषंग व अभिशाप यांच्यासह अभिचारही गणला आहे. अध्ययनात तो शब्द असू द्यावा. नातेवाइकांसमोर तो ओठांवर येऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘औषध लागू पडत नाही, बाहेरचे काही पाहा’ हे वैद्याचे एक वाक्य गावातील एकट्या म्हातारीच्या जिवावर बेतू शकते. ज्वरासह झटके येणाऱ्या मुलाची हिवतापासाठी रक्ततपासणी करवून त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे व आजाराचे नाव घरच्यांना उघड सांगावे.

वृद्ध रुग्णाची दर्शन व स्पर्शन परीक्षा आपण करतोच. प्रश्नपरीक्षा मात्र तो एकटा असताना करावी. मनगटावरील दोरीचे वळ, निरनिराळ्या काळच्या जखमा, कारण न सापडणारी कृशता, प्रत्येक उत्तर सोबत्यानेच देणे, या खुणा ध्यानात घ्याव्यात. तथापि उतारवयात त्वचा पातळ होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही हातांवर जांभळे डाग उठतात; एका डागावरून मुलास दोषी धरू नये. औषधविक्रेत्यांस काही गोष्टी आमच्याआधी कळतात. दरमहा नेली जाणारी रक्तदाबाची गोळी अचानक बंद होते, किंवा ‘म्हातारा गप्प झोपेल असे काही द्या’ अशी मागणी येते. ती चिठ्ठीविना पुरवू नये आणि रुग्णाच्या वैद्यास कळवावे.

आढळलेले सर्व दिनांकासह, रुग्णाच्याच शब्दांत नोंदवावे. उपेक्षा होत असल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यान्वये उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. वृद्धास ते जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्थाही तो करू शकते. १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे. करणीचा आरोप झाला असेल तर अर्जाची वाट पाहू नये. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. ११२ वर पोलिसांना कळवावे, आणि रुग्ण ती रात्र कोठे काढणार हे ठरल्याखेरीज त्यास दवाखान्यातून जाऊ देऊ नये.