पाण्याचा कप्पा गोठू नये म्हणून

प्रश्न : आमच्या मोटरहोममधल्या पाण्याच्या कप्प्याला आतून थर्माकोल लावला, तरी नळ गोठला. थर आणखी जाड करू का?
– एक वाचक, कॅलगरी

उत्तर : घाबरू नका. नळ गोठला म्हणजे पाइप फुटलाच असं नाही. बर्फ वितळल्यावर सांधे तेवढे तपासा. पण नुसता थर वाढवून भागणार नाही. थर्माकोल ऊब धरून ठेवतो, निर्माण करत नाही. फर्नेसची गरम हवा कप्प्यात वळवून घ्या, किंवा थर्मोस्टॅट असलेला १२ व्होल्टचा हीटिंग पॅड टाकीला लावा. मात्र टाकीच्या आधी पंप आणि बारीक पाइप गोठतात, ऊब तिथे पोहोचली पाहिजे. गॅसची शेगडी आत कधीही ठेवू नका. आग आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्ही जीवघेणे. गाडी हिवाळाभर उभी राहणार असेल, तर पाणी काढून पाइपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ भरा. इंजिनाचं वापरू नका, ते विषारी असतं.